कुणाचं दर्शन, कुणाची नशा

गेल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात वाद पेटला. विषय होता भांडवलशाही आणि प्रसारमाध्यमं, पण गाडी जाऊन अडकली एल.एस.डी.वर. एका मित्राने नेटफ्लिक्सवरची मालिका पाहिली होती. तो म्हणाला, हे औषध आहे, मनाचे आजार बरे करतं, आदिवासींचं जुनं ज्ञान आहे, अमेरिकेतली मोठमोठी विद्यापीठं त्यावर काम करताहेत. दुसरा उसळला. म्हणाला, गर्दुल्ल्यांचे धंदे आहेत हे, चळवळीत याचं नावसुद्धा नको. दोघे तासभर भांडले. मी ऐकत होतो. ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. दोघांपैकी एकानेही ते द्रव्य डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मीही नाही. तरी दोघांची मतं पोलादासारखी पक्की. एकाचं मत मालिकेने घडवलेलं, दुसऱ्याचं पेपराने आणि हिंदी सिनेमाने.

म्हणून हा लेख. हा द्रव्यावरचा लेख नाही, द्रव्याच्या चित्रावरचा आहे. ते चित्र कोण काढतं, त्यात कुणाला बसवतं आणि कुणाला चौकटीबाहेर उभं करतं, एवढंच मला तपासायचं आहे.

आधी थोडी ओळख. एल.एस.डी., काही भूछत्रांतलं सिलोसायबिन, पेयोटी निवडुंगातलं मेस्कलिन, यांना मिळून सायकेडेलिक द्रव्यं म्हणतात. हंफ्री ऑस्मंड या डॉक्टरने १९५६ मध्ये हा शब्द घडवला. ही द्रव्यं घेतली की काही तास दिसणं, ऐकणं, काळाचं भान, 'मी'पणाचं भान सगळं बदलतं. ब्राऊन शुगरसारखी शरीराला त्यांची चटक लागत नाही. पण ती निरुपद्रवीही नाहीत. ज्याच्या घराण्यात वेडाचा आजार आहे त्याला धोका असतो, म्हणून आजचे संशोधकही अशा माणसाला प्रयोगात घेत नाहीत. आपल्या पेपरांत मात्र गांजा, ब्राऊन शुगर, एल.एस.डी. सगळं एकाच पोत्यात भरलेलं असतं. पोत्यावर लिहिलेलं असतं 'अमली पदार्थ'.

आता पहिलं चित्र. १३ मे १९५७ चा 'लाईफ'चा अंक. 'लाईफ' म्हणजे त्या काळी अमेरिकेच्या घराघरांत जाणारं, फोटोंनी भरलेलं साप्ताहिक. त्यात गॉर्डन वॉसन याचा लेख आला. हा वॉसन कोण? जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष. भूछत्रांचा अभ्यास हा त्याचा छंद. जून १९५५ मध्ये तो मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात, डोंगरातल्या हुआउत्ला गावी गेला. तिथे मासातेक आदिवासी राहतात. त्यांच्यातली मारिया साबिना ही जाणती बाई रात्री भूछत्रं खाऊन, गाणी म्हणत, आजाऱ्याचं दुखणं शोधायची. आपल्याकडच्या देवऋषिणीसारखी म्हणा, पण अंगारे-धुपारे विकून पोट भरणारी नव्हे. वॉसन आणि त्याचा फोटोग्राफर ॲलन रिचर्डसन एका रात्री तिच्यासमोर बसले आणि त्यांनीही भूछत्रं खाल्ली.

लेख इंग्रजीत आहे. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचला. पहिली गोष्ट नजरेत भरते ती ही की लेखाचा नायक बँकवाला आहे. 'मी' तो आहे. रंगीत नक्षी त्याला दिसते, राजवाडे त्याला दिसतात, रथ ओढणारा पुराणातला प्राणी त्याला दिसतो. नोंदलेल्या इतिहासात हे भूछत्र खाणारे पहिले गोरे आपणच, हेही तो अभिमानाने सांगतो. म्हणजे त्याआधी शेकडो वर्षं ज्यांनी खाल्लं त्यांचं खाणं इतिहासात धरायचंच नाही! त्यांच्या तोंडाला इतिहास नाही.

आणि ती बाई? ती फोटोत आहे. गुडघे टेकून, हात जोडून, धुरात. लेखात तिचं नाव बदलून एवा मेंदेस केलं. कुणी म्हणेल, तिच्या भल्यासाठी बदललं. मान्य. पण नाव झाकलं आणि चेहरा लाखो घरांत पाठवला, हे कसलं झाकणं? बँकवाल्याला नाव आहे, हुद्दा आहे, अनुभव आहे. तिच्या वाट्याला फक्त चेहरा. मथळ्यात 'जादूचं भूछत्र' हे शब्द घातले गेले आणि जगभर तेच रूढ झाले. मारिया साबिना त्यांना लेकरं म्हणायची. तो शब्द कुणाला ठाऊक आहे?

तिची बाजू छापून आली ती वीस वर्षांनी. आल्वारो एस्त्रादा हा तिच्याच जमातीतला तरुण. त्याने तिच्या तोंडून तिची हकीकत ऐकून घेतली आणि १९७७ साली पुस्तक केलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं, स्पॅनिश येत नव्हतं, फक्त मासातेक. त्या हकीकतीतल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

एक. लहानपणी बाप मेला, घरात दारिद्र्य. ती आणि तिची बहीण जनावरं राखायला जायच्या आणि भुकेल्या पोटी रानातली भूछत्रं खायच्या. बँकवाल्याच्या लेखात राजवाडे आहेत, ही भूक नाही.

दोन. ती वॉसनसमोर बसली ती गावच्या एका अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून. अधिकाऱ्याला नाही कसं म्हणायचं, असा तिचा सवाल. पाटलाचा निरोप आल्यावर महारवाड्याला 'नाही' म्हणायची कितपत सोय होती, हे आपल्या आज्यांना विचारा.

तीन. तिच्या म्हणण्याप्रमाणे परके येण्याआधी नुसता देव शोधायला म्हणून कुणी भूछत्र खात नव्हतं. आजाऱ्याला बरं करायला खात. परके आले आणि लेकरांची ताकद गेली.

लेखानंतर काय झालं? बँकवाल्याच्या मागून शास्त्रज्ञ आले, शास्त्रज्ञांच्या मागून हिप्पी आले. त्याच्या १९५६ च्या सफरीत तर अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या पैशावर आलेला एक रसायनतज्ज्ञही होता. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या सांडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमनने भूछत्रातलं सिलोसायबिन वेगळं काढलं. एल.एस.डी.चा शोधही त्याचाच. कंपनीने गोळ्या केल्या. १९६२ साली हॉफमन स्वतः हुआउत्लाला गेला आणि त्याच गोळ्या मारिया साबिनाला खायला दिल्या. तिने सांगितलं, ताकद तीच आहे. म्हणजे प्रमाणपत्र तिच्याकडून घेतलं आणि माल कंपनीचा झाला. इकडे तिच्यावर पोलीस आले. तिचं घर जाळलं गेलं. १९६९ मध्ये मेक्सिकोच्या लष्कराने परक्यांसाठी गावची वाट बंद केली, ती १९७६ पर्यंत. १९८५ साली ती गरिबीतच मेली.

दुसरं चित्र. साप्ताहिक तेच, 'लाईफ'. अंक २५ मार्च १९६६. मुखपृष्ठावर एल.एस.डी.ची गोळी, आणि मथळा असा की मनावरचं हे औषध हाताबाहेर गेलं, आता स्फोटक धोका झालं. नऊ वर्षांत दर्शनाचा धोका कसा झाला? भूछत्रातलं द्रव्य आणि एल.एस.डी. वेगळी, हे कबूल, पण जात एकच. बदलली ती तोंडं. १९५७ मध्ये तोंड बँकवाल्याचं होतं. 'लाईफ'चा मालक हेन्री ल्यूस आणि त्याची बायको क्लेअर यांनी स्वतः डॉक्टरच्या देखरेखीखाली एल.एस.डी. घेतलं होतं. १९५९ साली हॉलिवूडचा नट केरी ग्रँट पत्रकारांना सांगत होता की या उपचाराने आपलं आयुष्य बदललं. तेव्हा कुणी बोंब मारली नाही. मालक घेतो, नट घेतो, तोवर तो उपचार. पण व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार देणारी, बापाचा शब्द न मानणारी पोरं तेच घेऊ लागली, तेव्हा तो स्फोटक धोका झाला.

मग खोट्याचा कारखानाच सुरू झाला. जानेवारी १९६७ मध्ये 'ड्रॅगनेट' या पोलिसांच्या टीव्ही मालिकेत एक पोरगा दाखवला, तोंड निळं-पिवळं रंगवलेला, डोकं मातीत खुपसलेला. शेवटी तो मरतो. त्याच वर्षी एल.एस.डी.ने गुणसूत्रं तुटतात असा शोधनिबंध आला आणि पेपरांनी व्यंग असलेल्या मुलांची भीती घातली. १९७१ साली 'सायन्स' या नियतकालिकात सगळ्या अभ्यासांचा आढावा आला. शुद्ध एल.एस.डी. माफक प्रमाणात घेतल्यास गुणसूत्रांना इजा होत नाही, असं त्यात निघालं. जानेवारी १९६८ मध्ये बातमी आली की पेनसिल्व्हेनियात सहा विद्यार्थी एल.एस.डी. घेऊन सूर्याकडे बघत बसले आणि आंधळे झाले. गव्हर्नरने आधी दुजोरा दिला आणि लगेच त्यालाच कबूल करावं लागलं की बातमी बनावट आहे. अंधकल्याण खात्याच्या प्रमुखाने, नॉर्मन योडरने, ती रचली होती. हेतू चांगला होता म्हणे, पोरांना घाबरवायचा! पण खुलासा येईस्तोवर आंधळे विद्यार्थी लोकांच्या तोंडी बसले होते. त्याच साली अमेरिकेत एल.एस.डी. जवळ बाळगणं केंद्राच्या कायद्याने गुन्हा झालं.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही पुस्तकात मिळेल. दर्शन आणि धोका, या दोन चित्रांवर गोऱ्या विद्वानांनी ढीगभर लिहिलंय. माझा सवाल तिसऱ्या चित्राचा आहे. ते कुठल्याच मुखपृष्ठावर आलं नाही.

केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला व्यसनी कैद्यांचं सरकारी इस्पितळ होतं. तिथे हॅरिस इझबेल हा डॉक्टर १९५० च्या दशकात गुप्तहेर खात्याच्या पैशावर एल.एस.डी.चे प्रयोग करत होता. प्रयोग कुणावर? कैद्यांवर, आणि त्यांत बहुसंख्य काळे. काहींना सलग ७७ दिवस एल.एस.डी. दिलं. वाचताना मी थांबलो. ७७ दिवस! बदल्यात काय? व्यसनी माणसाला त्याच्याच व्यसनाचं द्रव्य बक्षीस म्हणून. हे १९७५ च्या आसपास सिनेटच्या चौकश्यांत बाहेर आलं. तोवर निबंध छापून झाले होते, पण त्यांत माणसं नव्हती, आकडे होते.

आता तिन्ही चित्रं शेजारी ठेवा. एकाच दशकात बँकवाल्याला एका रात्रीत राजवाडे दिसले, ते सगळ्या देशाने वाचले. त्या काळ्या कैद्याला ७७ दिवसांत काय दिसलं? कुणी विचारलं? त्याची आई दिसली का, कापसाचं शेत दिसलं का, गळफासाचं झाड दिसलं का? त्याला मन आहे, मनात काही दिसू शकतं, हे धरलेलंच नाही. माझ्या मते प्रसारमाध्यमांचं खरं खोटं इथे आहे. गुणसूत्रांबद्दलचं खोटं चार वर्षांत दुरुस्त झालं. पण आत्मा मालकाला आणि शरीर गुलामाला, हे खोटं कुणी खोटं म्हणून मोजलंच नाही. हे आपण ओळखायला हवं. ब्रह्मज्ञान एकाला आणि ढोरं ओढणं दुसऱ्याला, ही वाटणी आपल्या शास्त्रांनी फार आधी केली.

ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्या ब्लॅक पँथरांपुढेही हा प्रश्न आला होता. १९७० मध्ये मायकेल टेबर या पँथरने पुस्तिका लिहिली. विषय होता हेरॉईन, जे हार्लेममधली पोरं खात होतं. त्याने ते थेट भांडवलशाहीला आणि वंशहत्येला जोडलं. टीव्हीवर गोऱ्या पोरांची रंगीत एल.एस.डी. आणि हार्लेमच्या जिन्याखाली सुई, ही तफावत त्या लोकांनी अंगावर झेलली होती. त्याच साली एल.एस.डी.चा प्रचारक टिमथी लिअरी तुरुंगातून पळून अल्जीरियात पँथर नेता एल्ड्रिज क्लीव्हरच्या आश्रयाला गेला. १९७१ च्या सुरुवातीला क्लीव्हरने त्यालाच नजरकैदेत टाकलं. क्रांतीला शुद्धीत असलेली माणसं लागतात, असा त्याचा मुद्दा. पेपरांना ही भांडणं गंमतीची वाटली. मला ती गंमत वाटत नाही. ज्याच्याकडे गमवायला पगार आहे, घर आहे, तो 'मी'पणा विरघळवायला निघतो. ज्याला 'मी' म्हणायचा हक्कच आत्ता कुठे मिळतोय तो काय विरघळवणार?

पण इथे थांबलं तर लेख एकतर्फी होईल. माझा पहिला मित्र अगदीच चुकीचा नाही. २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचे दोन अभ्यास आले. कॅन्सरच्या रुग्णांना मरणाची भीती आणि उदासी कमी व्हायला सिलोसायबिनने मदत झाली. हे महत्त्वाचं आहे. पण रुग्ण होते एकात ५१ आणि दुसऱ्यात २९, मिळून ८०. त्यानंतर मायकेल पोलन या लेखकाचं २०१८ चं पुस्तक आणि त्यावरची २०२२ ची नेटफ्लिक्स मालिका आली आणि वारं फिरलं. १९६६ ला जसा राक्षस केला तसा आता देव करायला घेतलाय. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच लाटेतल्या एम.डी.एम.ए. या द्रव्याच्या उपचाराला मान्यता नाकारली, आणखी एक चाचणी मागितली. औषधाला अशीच कसोटी हवी. मालिकेला कसोटी नसते.

आणि प्रयोगात घेतात कुणाला? १९९३ ते २०१७ मधल्या १८ अभ्यासांचा आढावा २०१८ साली छापला गेला. एकूण २८२ माणसं. त्यांत गोरे ८२.३ टक्के. काळे २.५ टक्के. लेक्सिंग्टनमध्ये बहुसंख्य काळे आणि आता अडीच टक्के! द्रव्य सजा होतं तेव्हा काळा माणूस पुढे, द्रव्य दवा झालं तेव्हा मागे. सिलोसायबिनवर पेटंटं घेणारी कंपनी २०२० साली अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली. मारिया साबिनाचा फोटो मात्र टी-शर्टावर मिळतो.

आता आपल्याकडे बघू, कारण दुसऱ्या मित्राचं मत इथे घडलं. १९७१ साली देव आनंदचा 'हरे रामा हरे कृष्णा' आला. काठमांडूचे हिप्पी, चिलीम, धूर. तिथली नशा चरस-गांजाची, पण लोकांच्या डोक्यात सगळं एकच झालं. सिनेमाचं दुःख काय, तर चांगल्या घरातली मुलगी बिघडली. घर मोडलं म्हणून बहीण हरवली, हे त्यातलं खरं दुःख आहे, मी नाकारत नाही. पण गाणं इतकं धुंद की पन्नास वर्षं लोक तेच गातात आणि बहिणीची आत्महत्या विसरतात. धंदा धुंदीवर करायचा आणि उपदेश शेवटच्या रिळात टाकायचा.

पुढची दोन उदाहरणं सायकेडेलिकची नाहीत, पण कॅमेरा तोच आहे म्हणून देतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. मजूर, गाडीवाले, कामगार. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझवर धाड पडली, एका नटाच्या मुलाला धरलं, वाहिन्यांनी महिनाभर दुसरं काही दाखवलं नाही. मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी तो सुटला. त्या मुलाचं नाव आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. मालवणीतल्या मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव सांगा. नाही येत. मलाही येत नाही.

आमच्या वस्तीतलं सांगतो. काही वर्षांमागे हातभट्टीवर धाड पडली. एका दैनिकाचा फोटोग्राफर आला. माझी मावशी दारात कपाळाला हात लावून बसलेली. त्याने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी छापून आला, खाली ओळ अशी की व्यसनाच्या विळख्यात सापडलेली वस्ती. मावशीने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. नवरा दारूने गेला, म्हणून बायका गोळा करून भट्टीची तक्रार तिनेच दिली होती. धाड तिच्यामुळे पडली होती! त्याने तिला एक प्रश्न विचारला असता तर बातमी उलटी झाली असती. मावशी अजून म्हणते, "बाळा, मला इचारलंच न्हाई रं त्यानं." हुआउत्लाच्या बाईचा फोटो पाहिला तेव्हा मला मावशी आठवली ती यासाठी.

तर मित्रांनो, वादाचा निकाल मी देत नाही. १९५६ साली बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची एक आहे. पंचशीलातलं पाचवं शील आपण रोज म्हणतो, त्यात प्रमादाचा, म्हणजे बेसावधपणाचा शब्द आहे. मी ते पाळतो, आणि माझ्यापुरतं तेवढं पुरेसं आहे. पण शील पाळणारा माणूस पेपर वाचताना बेसावध राहिला तर काय उपयोग? दुसऱ्या मित्राला एवढंच सांगायचंय की 'गर्दुल्ला' हा शब्द ज्या कारखान्यातून येतो त्याच कारखान्यातून आपल्या वस्तीबद्दलचे बाकीचे शब्द येतात.

नशेवरची बातमी, सिनेमा, मालिका काहीही समोर आलं तर अभ्यासवर्गात हे चार प्रश्न विचारावेत असं सुचवतो.

१) यात नाव कुणाला आहे आणि नुसता चेहरा कुणाला?
२) 'मला असं दिसलं, असं वाटलं' हे बोलायला कुणाला मिळतं?
३) आकडा कितीचा आहे आणि मथळा केवढ्याचा?
४) यावर पैसा कोण कमावतो आणि पोलीस कुणाच्या दारात जातात?

आपल्या कवींनाही एक विनंती. नशेवर कविता लिहिणं सोपं आहे, धुराच्या प्रतिमा आयत्या मिळतात. मालवणीच्या त्या शंभरांपैकी एकाचं नाव शोधून काढा आणि त्याच्यावर लिहा. मी शोधतो आहे.

कुणाला हे पटत नसेल तर जरूर लिहावं. आमच्या पहिल्या मित्राने उत्तर द्यायचं कबूल केलंय. ते पुढच्या अंकात येईल.